उकळत्या झऱ्यातला सूक्ष्म जीव

२०२० आणि २०२१ ह्या महामारीच्या दोन वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांतील लहानथोरांच्या तोंडी एक परका शब्द बसला : आरटी-पीसीआर. नाकात कापसाची काडी फिरविली जाई, तो नमुना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी रवाना होई, आणि एकदोन दिवसांनी बरावाईट निरोप येई. त्या एका निरोपावर माणसाने घरात बसावे की दवाखान्यात जावे, मुलांना आजीजवळ निजवावे की नाही, हे ठरत असे. परंतु ती काडी गेल्यानंतर पुढे तिचे काय होते, ह्याची विचारपूस त्या घाईच्या दिवसांत फारशी कोणी केली नाही, आणि करण्याची ती वेळही नव्हती. आता मन थाऱ्यावर आले आहे. तेव्हा वाचकहो, ह्या आठवड्यात ती हकिकत आपणांपुढे मांडावयाची आहे. ती एका उकळत्या झऱ्याच्या काठी सुरू होते आणि तिच्या वाटेत आपले जुने गोवेही लागते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यलोस्टोन नावाचा विस्तीर्ण डोंगराळ प्रदेश आहे. १८७२ साली तो राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. अशा तऱ्हेचे जगातील ते पहिलेच उद्यान होय. भूगर्भातील उष्णतेमुळे तेथे गरम पाण्याची कुंडे, खदखदणारी चिखलाची डबकी आणि आकाशात उसळणारी कारंजी मिळून दहा हजारांहून अधिक आहेत. उंचीमुळे तेथे पाणी १०० अंशांवर नव्हे, तर सुमारे ९३ अंशांवरच उकळते. कुंडातून वाहून जाणारे पाणी जसजसे निवत जाते, तसतसा ओहोळाच्या तळाचा रंग पालटतो. कोठे फिकट गुलाबी, कोठे पिवळा, पुढे नारिंगी, आणि शेवटी हिरवा. प्रवासी ते पाहून चकित होत. हे रंग दगडाचे, गंधकाचे, असे बहुतेकांना वाटे.

इंडियाना विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक हे १९६४ साली तेथे गेले तेही प्रवासी म्हणूनच. पण त्यांच्या ध्यानात आले, की हे रंग जिवंत आहेत. निरनिराळ्या उष्णतेस निरनिराळे सूक्ष्म जीव दाटीवाटीने राहत होते, आणि ओहोळ म्हणजे जणू निसर्गाने आखलेला उष्णतामापकच होता. ब्रॉक ह्यांना औषधे शोधावयाची नव्हती, की कारखाना काढावयाचा नव्हता. जीव आणि त्याचा परिसर ह्यांचा परस्परसंबंध कसा असतो, हा त्यांचा विषय. वर्षानुवर्षे उष्णता न बदलणारा झरा अशा अभ्यासाला फार सोयीचा, एवढाच त्यांचा हेतू. पुढील वर्षापासून त्यांनी तेथे काम आरंभिले आणि ते सुमारे दहा वर्षे चालू ठेवले.

त्या काळी उष्णताप्रिय जंतूंचा शोध घेणारे अभ्यासक आपल्या काचपात्रांना ५५ अंशांच्या आसपास ऊब देत, आणि म्हणून त्यांना त्या उष्णतेत वाढणारेच जंतू सापडत. जाळ्याची भोके जेवढी, तेवढीच मासळी हाती लागावयाची. ब्रॉक ह्यांनी अगदी साधी युक्ती योजिली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या काचेच्या पट्ट्या दोऱ्याला बांधून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उकळत्या कुंडांत सोडल्या आणि काही दिवसांनी वर काढल्या. पट्ट्यांवर जंतूंची वस्ती झालेली होती! ज्या पाण्यात अंडे शिजते, त्या पाण्यात कोणी सुखाने संसार करीत होते.

१९६६ च्या शरद ऋतूत ब्रॉक आणि हडसन फ्रीझ ह्या त्यांच्या पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थ्याने मश्रूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातून नमुने घेतले. त्यांतून एक पिवळसर जंतू वेगळा करून वाढविण्यात फ्रीझ ह्यांना यश आले. ७० अंशांवर तो उत्तम वाढे आणि ७९ अंशांपर्यंत तग धरी. १९६९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि थर्मस अक्वाटिकस असे त्याचे नामकरण झाले. त्याचे बियाणे सूक्ष्म जीवांच्या सार्वजनिक संग्रहात ठेवण्यात आले, म्हणजे कोणाही अभ्यासकाला ते मागवून घेता यावे. ह्या साऱ्या कामाला खर्च झाला तो सरकारी पैसा. 'उकळत्या पाण्यातले शेवाळ शोधावयाला करदात्यांचे पैसे का खर्चावे?' असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर ब्रॉक ह्यांच्यापाशी 'ज्ञानासाठी' ह्यापरते उत्तर नव्हते. आपल्यातही पुष्कळांना असा प्रश्न पडतो, आणि तो पडणे स्वाभाविकही आहे. म्हणूनच ह्या उत्तराचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी क्षणभर स्वयंपाकघरात यावे लागेल. अंडे उकळले म्हणजे त्यातील पातळ पांढरा बलक घट्ट होतो, आणि मग ते अंडे कितीही थंड केले तरी तो पुन्हा पातळ होत नाही. बलकातील प्रथिने विशिष्ट घड्या घालून ठेवलेल्या धाग्यांसारखी असतात. उष्णतेने त्या घड्या मोडतात आणि धागे एकमेकांत गुंतून गोळा होतो. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत जी कामे चालतात, ती करणारी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, हीसुद्धा प्रथिनेच. घडी मोडली की विकराचे काम थांबले. मग ७० अंशांच्या पाण्यात जन्म काढणाऱ्या जंतूची विकरे शिजत कशी नाहीत? त्यांच्या घड्या अधिक घट्ट, आणि त्या घड्यांना आतून जागोजागी बांधून ठेवणारे बंध अधिक, हे त्याचे उत्तर. ह्यात एकच एक गुपित नाही. लहानलहान अनेक बंध मिळून ती बळकटी येते.

आता पेशीतील एका विशिष्ट विकराकडे वळू. पेशी दुभंगून दोन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनए, म्हणजे वंशपरंपरेचा लेख, त्याची नक्कल व्हावी लागते. हा लेख दोन पिळांच्या दोरासारखा असतो. एका पिळावर जी अक्षरे, त्यांना जुळणारी अक्षरे दुसऱ्या पिळावर. म्हणून पीळ उकलले, तर प्रत्येकावरून त्याचा जोडीदार पुन्हा विणता येतो. हे विणकाम करणारे विकर म्हणजे डीएनए पॉलिमरेज. आर्थर कॉर्नबर्ग ह्यांनी ते १९५६ साली आतड्यात राहणाऱ्या एका सामान्य जंतूपासून वेगळे केले आणि १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे विणकाम पेशीच्या बाहेर, काचेच्या नळीत, पुनःपुन्हा करवून घेता येईल काय? ह्या कल्पनेची पहिली रूपरेषा १९७१ साली एका निबंधात आली. तो निबंध क्येल क्लेप्पे आणि हरगोविंद खुराना प्रभृतींचा होता. खुराना हे पंजाबातील रायपूर नावाच्या लहानशा खेड्यातील पटवाऱ्याचे चिरंजीव. ते गाव आता पाकिस्तानात आहे. सुमारे शंभर वस्तीच्या त्या गावात लिहितावाचता येणारे असे त्यांचेच काय ते एक घर होते. १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होतेच. परंतु ही कल्पना तेव्हा कागदावरच राहिली.

ती प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील सीटस नावाच्या कंपनीत काम करणाऱ्या कॅरी म्युलिस ह्यांच्याकडे जाते. १९८३ साली रात्रीच्या वेळी डोंगरातील रस्त्याने मोटार हाकीत असता त्यांना ही युक्ती सुचली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. युक्ती अशी. डीएनए असलेले पाणी ९५ अंशांपर्यंत तापवावे. दोराचे पीळ सुटतात. मग ते ५५ अंशांच्या आसपास निववावे. लेखाचा जो भाग आपणांस हवा, त्याच्या दोन टोकांना मुद्दाम घडविलेले दोन आखूड तुकडे येऊन चिकटतात. त्या तुकड्यांपासून विकर पुढे विणीत जाते, आणि एकाचे दोन होतात. पुन्हा तापवावे, पुन्हा निववावे, दोहोंचे चार. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपण ऐकलेली आहेच, हिशेब तोच. दहा फेऱ्यांत १,०२४, वीस फेऱ्यांत दहा लाखांहून अधिक, आणि तीस फेऱ्यांत १०७ कोटींच्या वर! रोग्याच्या नाकातील विषाणूंचे चारदोन धागे असले, तरी तीसचाळीस फेऱ्यांत त्यांची रास होते आणि ती यंत्राला ओळखता येते. करोनाच्या विषाणूचा लेख डीएनएचा नसून आरएनएचा असतो, म्हणून तो आधी डीएनएच्या लिपीत उतरवून घ्यावा लागतो; 'आरटी' ही दोन अक्षरे त्या उताऱ्याची.

परंतु येथे मोठी अडचण होती. आतड्यातील जंतूचे विकर ३७ अंशांत वाढलेले. ९५ अंशांत ते प्रत्येक फेरीला शिजून जाई. म्हणून दर फेरीनंतर नळीचे तोंड उघडून नवे विकर घालावे लागे. निरनिराळ्या उष्णतेची पाण्याची भांडी मांडून, हाती घड्याळ घेऊन, नळ्या ह्या भांड्यातून त्या भांड्यात उचलून ठेवीत मदतनीस तासन्‌तास उभे राहत. कंपनीच्या यंत्रज्ञांनी हे घालण्या-उचलण्याचे काम करणारे एक यंत्रही बनविले होते. त्याचे नाव त्यांनी थट्टेने 'मिस्टर सायकल' असे ठेविले होते.

उपाय मात्र तयारच होता. सिनसिनाटी विद्यापीठात अॅलिस चिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ सालीच ब्रॉक ह्यांच्या जंतूमधून पॉलिमरेज वेगळे करून त्याचे वर्णन छापले होते. ते ८० अंशांवर सर्वांत जोमाने काम करी. त्या निबंधाकडे त्या वेळी कोणी विशेष लक्ष दिले नाही. आता सीटसमधील डेव्हिड गेलफंड आणि सुझान स्टॉफेल ह्यांनी ते विकर नव्याने शुद्ध करून घेतले, आणि नळीत एकदाच घातले तरी ते सगळ्या फेऱ्या पार पाडते असे दिसून आले. ९५ अंशांत सुमारे चाळीस मिनिटे ठेवले, तर कोठे त्याची शक्ती निम्म्यावर येते. १९८८ साली ही नवी रीत प्रसिद्ध झाली.

नळीचे तोंड उघडण्याचे कारण उरले नाही, तेव्हा यंत्रही एकदम सोपे झाले. आता त्याला एकच काम : घटकेत तापवावयाचे, घटकेत निववावयाचे. पुढे ह्या कामी पेल्तिये नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १८३४ साली पाहिलेला एक चमत्कार उपयोगी पडला. दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज सोडली, तर सांधा एका दिशेने तापतो आणि वीज उलट फिरविली की थंड होतो. धातूंच्या जागी अर्धवाहकांचे ठोकळे आले, आणि पाण्याची भांडी, घड्याळ, उभा राहणारा मदतनीस, सारे एका पेटीत मावले.

१९९३ साली म्युलिस ह्यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. वृत्तपत्रांना मोटारीतील ती रात्र फार आवडते आणि ते साहजिकही आहे. तथापि झऱ्यात काचपट्टी सोडणारा, पिवळा जंतू वाढविणारा विद्यार्थी, विकर शुद्ध करणारी विद्यार्थिनी, ठोकळा घडविणारा यंत्रज्ञ, ह्यांच्यावाचून ती रात्र नुसतीच एक रात्र राहिली असती, असे आम्हांस वाटते. शिवाय एका विषयातील बुद्धी दुसऱ्या विषयात उपयोगी पडतेच असे नाही. एड्स हा रोग एचआयव्ही विषाणूमुळे होतो, हे सिद्ध झालेले सत्य ह्याच म्युलिस ह्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही, ही गोष्ट नोबेल विजेत्याचा शब्द प्रमाण मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

आता जुन्या गोव्याकडे येऊ. मोंते सांतो टेकडीवर संत अगुस्तीनच्या मठाचा उंच, अर्धा ढासळलेला मनोरा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. १८३५ साली मठ ओस पडला, १८४२ साली मंदिराचे छत कोसळले आणि १९३१ साली दर्शनी भागही पडला. ह्या मठात जॉर्जिया देशातील काखेतीची राणी केतेवान हिचे अवशेष ठेविले होते, अशी नोंद जुन्या पोर्तुगीज कागदांत आहे. ख्रिस्ती श्रद्धा सोडण्यास नकार दिल्यामुळे १६२४ साली शिराझ येथे इराणचा शहा अब्बास ह्याच्या आज्ञेने तिचा छळ करून वध करण्यात आला. तेथील अगुस्तीनवादी धर्मबंधूंनी तिच्या अस्थी जपल्या, आणि त्यांपैकी काही १६२७ साली गोव्यास आणल्या. जॉर्जियाची ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा तिला रक्तसाक्षी संत म्हणून पूज्य मानते. मठातील कोणत्या कपेलाच्या कोणत्या खिडकीत ती दगडी पेटी ठेविली, हेही कागदांत होते. पण ढिगाऱ्याखाली गेलेल्या मठात ती खिडकी ओळखावी कशी? कित्येक वर्षांच्या शोधानंतर २००४ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाताच्या हाडाचा एक तुकडा सापडला.

हाड कोणाचे? चारशे वर्षे गोव्याच्या उष्ण, दमट हवेत आणि पावसात राहिलेले ते; त्यातील डीएनएचा चुरा झालेला. तो तुकडा हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात गेला. प्रत्येक पेशीत मुख्य लेखाच्या केवळ दोन प्रती असतात. परंतु पेशीला ऊर्जा पुरविणारे जे कणसदृश अवयव, त्यांचा स्वतंत्र छोटा लेख असतो आणि त्याच्या शेकडो, कधी हजारो प्रती असतात. म्हणून जुन्या हाडात तो शिल्लक राहण्याचा संभव अधिक. शिवाय तो फक्त आईकडून मुलांकडे येतो. शास्त्रज्ञांनी त्याचे अंश वाढवून घेऊन वाचले, आणि हजारो भारतीयांच्या नोंदींशी ताडून पाहिले. ती वंशरेषा भारतात कोठेच आढळली नाही. जॉर्जियातील काही लोकांत मात्र ती सापडली. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. हे हाड राणी केतेवानचेच, असे कोणतीही नळी सांगू शकत नाही. मातृवंश कोणत्या प्रदेशाकडचा, एवढेच ती सांगते. बाकीची साक्ष जुन्या कागदांनी आणि त्या खिडकीच्या जागेने दिली. २०२१ च्या जुलै महिन्यात भारत सरकारने अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

मृतांइतकेच हे विकर जिवंतांच्याही कामी येते, आणि तेथेही गोव्याचे नाव निघते. क्षयाचा जंतू अत्यंत मंद वाढणारा. तो एकदा दुभंगावयास सुमारे वीस तास घेतो. त्यामुळे बेडक्यातून तो प्रयोगशाळेत वाढवून ओळखावयाचा, तर कित्येक आठवडे लोटत. सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पाहता येते खरे, पण जंतू थोडे असले की नजरेतून निसटतात. दरम्यान रोगी घरीच खोकत राहतो, आणि एका खोलीत निजणारी लेकरे तो रोग घेतात. वेर्णा येथील मॉलबायो कंपनीचे ट्रूनॅट नावाचे लहान यंत्र आता क्षयाच्या तपासणीत वापरले जाते. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत त्याची मूळ कल्पना वाढीस लागली. ते बॅटरीवर चालते, म्हणून वीज गेली तरी अडत नाही. सुमारे तासाभरात क्षय आहे की नाही हे कळते. आणि रिफाम्पिसिन ह्या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही, हेही पुढच्या चाचणीने कळते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराची शिफारस केली. ज्यांच्या घरी दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात ह्या तपासणीची चौकशी अवश्य करावी. सरकारी केंद्रात ती विनामूल्य होते. एक मात्र सांगणे जरूर आहे : ही तपासणी मेलेल्या जंतूचा लेखही वाचते. औषधे पूर्ण होऊन माणूस बरा झाल्यावरही काही काळ ती 'आहे' असेच सांगू शकते. म्हणून बरे झाल्याची खूण म्हणून तिचा उपयोग करीत नाहीत.

ह्या साऱ्याचा पैसा कोणाकडे गेला? सीटस कंपनीने म्युलिस ह्यांना दहा हजार डॉलर बक्षीस दिले. १९९१ साली तिने ह्या पद्धतीचे हक्क रोश ह्या स्वित्झर्लंडच्या कंपनीला तीस कोटी डॉलरांना विकले. ब्रॉक ह्यांना काही मिळाले नाही आणि झरा ज्या उद्यानात आहे त्या यलोस्टोनलाही काही मिळाले नाही. आपली त्याविषयी तक्रार नाही, जंतू सर्वांच्या उपयोगासाठीच दिला होता, असे ब्रॉक म्हणत. २०१३ साली त्यांना आणि फ्रीझ ह्यांना गोल्डन गूज पुरस्कार देण्यात आला. सरकारी पैशाने झालेले, वरवर विचित्र दिसणारे आणि पुढे फार उपयोगी ठरलेले संशोधन ह्यासाठी तो देतात. २०२१ साली ब्रॉक वारले.

ब्रॉक ह्यांचे औदार्य थोर खरे; परंतु ज्याची जमीन, ज्याचे पाणी, त्याने दर वेळी उदार व्हावे अशी अपेक्षा करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. यलोस्टोननेही १९९७ साली एका कंपनीशी नफ्यात वाट्याचा करार केला. पुढे त्यावर कोर्टकचेरी झाली, तो भाग निराळा. शिवाय झरा राखला गेला होता म्हणून तर जंतू सापडला. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे १९५८ साली भूगर्भातील वाफेवर वीज निर्माण करणे सुरू झाले आणि त्यानंतर तेथील खोऱ्यातील कारंजी एकामागून एक निमाली. वीज मिळाली, ती आवश्यकही होती. पण त्या पाण्यात कोण राहत होते, ते आता पाहता यावयाचे नाही.

आपल्याकडे २००२ सालच्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीला ह्या बाबतीत अधिकार दिले आहेत. गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने गावातील सजीवांची नोंदवही लिहावी, असे त्या कायद्यात आहे. गावातील झाड, कंद वा कीटक घेऊन कोणी धंदा केला, तर नफ्यातील वाटा मागण्यास ही नोंद उपयोगी पडते. ती कोठे मनापासून लिहिली गेली आहे, कोठे नुसती नावाला आहे. आपल्या पंचायतीतील वही काढून पाहण्यास हरकत नाही. वड, फणस, खेकडे, नदीतले मासे, औषधी मुळ्या ह्यांची नावे तीत असतील. वज्रेश्वरीपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत कोकणात गरम पाण्याची कुंडे आहेत. त्यांच्या दगडांवर धरणारी हिरवट, पिवळसर साय ही नोंदवहीच्या कोणत्या रकान्यात लिहावयाची, हे समितीला तालुक्याहूनच विचारून घ्यावे लागेल.